साडेसहाचा पहारा

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मधेच तोंड घालणार नाही. महारुद्र जो खेळ खेळायचा त्यात एक रुपयाही नव्हता. सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेतलेलं, खेळायच्या चिपा, म्हणजे पैशाऐवजी डावावर लावायच्या सोंगट्या, फुकट, आणि सगळ्या हरल्या तर दुसऱ्या दिवशी कंपनी पुन्हा देणार. ताडकळसमधल्या निम्म्या लोकांना हे अजून पटत नाही. नाही पटत तर नका पटवून घेऊ, पण माझ्या दुकानात झेरॉक्सला उभं राहून 'ते जुगारी पोरगं' म्हणालात तर कागद हातात देऊन बाहेर काढीन. आजवर दोघांना काढलंय.

मी उत्तरा. स्टँडसमोर माझं दुकान आहे, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, असलं सगळं. पण ही गोष्ट माझी नाही, महारुद्रची पण म्हणता येणार नाही. ही त्याच्या बापाची, किशनरावांची. ते आमच्याच गल्लीतले, माझ्यापासून दोन घरं सोडून. गाव त्यांना आप्पा म्हणतं, मी लहानपणापासून काका म्हणते.

काका एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. आवाज असा की स्टँडवर 'पूर्णा, पूर्णा, चला पूर्णा' सुरू झालं की पलीकडं शाळेत मास्तर शिकवायचे थांबायचे. मी नऊ वर्षांची असताना त्यांच्याच गाडीच्या पायरीवरून घसरून खाली पडले. गुडघा फुटला. काका उतरून आले आणि माझ्यावर असे ओरडले, असे ओरडले, की मी रडायचं विसरले. "डोळे फुटले का तुझे? चाकाखाली गेली असतीस म्हणजे?" सगळी गाडी बघत होती. मग त्यांनी स्वतःचा रुमाल काढून गुडघ्याला बांधला. त्यांना गाठ काही केल्या जमेना. शेवटी ड्रायव्हरनं येऊन बांधली. मी त्या माणसाला पुढं दोन वर्षं घाबरत होते.

गळ्यात तुळशीची माळ. चहाशिवाय दुसरं व्यसन नाही. आणि वर्षातून एकदा, दत्तजयंतीच्या सप्त्यात, त्यांच्याकडं वीणेचा पहारा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सप्ता चालू असेपर्यंत वीणा भुईला टेकवायची नसते. एकानं गळ्यात घालून दोन तास उभं राहायचं, मग ती दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, रात्रंदिवस असं. काकांची वेळ संध्याकाळी चार ते सहा. एकवीस वर्षं त्यांनी ती एकदाही चुकवली नाही. एका साली अंगात ताप होता, तर खांबाला पाठ लावून उभे राहिले पण पहारा दुसऱ्याला दिला नाही.

असल्या घरात पत्ते म्हणजे काय, हे तुम्हीच समजून घ्या.

महारुद्र सत्तावीस वर्षांचा होता. परभणीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसायचा. गरीब स्वभावाचं पोरगं, हसलं तरी आवाज न करता हसणारं. माझ्याच दुकानातला जुना कम्प्युटर त्यानं घरी नेला होता आणि त्यावर हा पोकर उतरवला होता. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, एकच तास. समोर ठरलेली मंडळी, कुणी कॅनडातलं, कुणी ब्राझीलमधलं, कुणाची तिकडं सकाळ तर कुणाची दुपार. एक तास खेळायचा, मग भाकरी खाऊन झोपायचा. काकांना तो काहीतरी कामाचं करतो असं वाटायचं. त्यानंही कधी सांगितलं नाही, हे त्याचं चुकलंच.

गेल्या वर्षीच्या सप्त्यात पाचव्या दिवशी सहा वाजता पुढच्या पाळीचा सूर्यभान पहारा बदलायला आला. काकांच्या गळ्यातून वीणा उतरवून घेताना, चारचौघांत, म्हणाला, "आप्पा, तुमी हितं वीणा धरून उभं ऱ्हाता, आन् घरी पोरगं रोज सांजच्याला जुगार खेळतंय. खिडकीतून पत्ते दिसतेत की." बरं, तुला कुणी विचारलं होतं का? पण पोटात दुखत असलं की माणसाला देवळातसुद्धा राहवत नाही.

मी त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी आले होते, म्हणून सगळं माझ्या कानावर पडलं. सगळ्या गल्लीच्याच पडलं म्हणा. आधी काहीतरी आपटल्याचा आवाज, मग काका. माळकऱ्याच्या घरात पत्ता आणलास, एकवीस वर्षांचं महं उभं ऱ्हायलेलं मातीत घातलंस, देवळात मान खाली घालायला लावलीस. मधे एकदाच महारुद्र बोलला. "आप्पा, पैसे न्हाईत ह्यात. बघा तरी." त्यावर काकांचा आवाज आणखी चढला. "नीघ! नीघ म्हणलं ना! तू मेलास तरी तुझं तोंड बघणार न्हाई मी!"

महारुद्र उठला. मी दारात आले तोवर तो मोटारसायकल बाहेर काढत होता. रडवेला नव्हता, रागातही दिसला नाही. जाता जाता आईला, म्हणजे कमलकाकूला, म्हणाला, "भाकरी टाकून ठिव, येतो तासाभरात."

पूर्णा रोडला उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. सात वाजता मिट्ट अंधार पडतो त्या दिवसांत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घरी आणलं ते तोंड पूर्ण बांधून. डॉक्टरांनीच बजावलं होतं, सोडू नका, बघण्यासारखं राहिलं नाही. कमलकाकूनं पाय धरले, हात धरले. काका उशाशी बसून होते, त्या पांढऱ्या कापडाकडं बघत. जे तोंडातून गेलं होतं ते शब्दाला शब्द खरं झालं होतं. त्यांनी पोराचं तोंड बघितलं नाही.

दहावा गोदावरीच्या काठी झाला. पिंड ठेवले, सगळे मागं सरले. बाभळीवर सात-आठ कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. महारुद्रच्या मामानं हात जोडून सांगितलं, निकिताचं लग्न थाटात लावू, तुझ्या बहिणीला काही कमी पडू देणार नाही. कावळा हलला नाही. भागवतनं, म्हणजे त्याच्या जिनिंगमधल्या दोस्तानं सांगितलं, आईकडं लक्ष ठेवीन. नाही. एक तास गेला, दीड तास गेला. ऊन वर आलं. बायकांत रडारड सुरू झाली, पोराचा जीव कशात अडकलाय म्हणून. भटजी दर्भाचा कावळा करावा का म्हणून विचारायला लागले.

तेव्हा काका पुढं गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं मला कान देऊन ऐकावं लागलं. म्हणाले, "बाबा, तुझा डाव मी बंद पडू देणार न्हाई. तुझ्या जागंवर मी बसतो."

आणि कावळा उतरला. मला विचाराल तर त्याला भूक लागली असेल. पण तिथं हे बोलायची माझी काय टाप होती?

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी काका कम्प्युटरचा डबा खांद्यावर घेऊन दुकानात आले. कमलकाकूनं ते डबडं घरात ठेवून घ्यायला नकार दिला होता आणि मी तिला दोष देत नाही. काकांनी डबा टेबलावर ठेवला. गळा मोकळा होता. जिथं माळ असायची तिथं कातडीवर एक पांढरा पट्टा उमटला होता.

"माळ कुठाय, काका?"

"त्याच्या फोटोपुढं ठिवली. पत्ते खेळायचे म्हणल्यावर गळ्यात कशी ऱ्हाऊ द्यावी? इतकं तरी इमान पाहिजे."

"आवं पण ह्यात पैसे नसतात. हा नुसता खेळ हाय. माळ गळ्यात ठेवली तरी चालंल."

"त्यो बी हेच म्हणला होता," काका म्हणाले. "मी ऐकलं का?"

मी वायरी जोडल्या.

पासवर्ड मशीनमध्येच जतन केलेला होता, त्यामुळं उघडायला अडचण आली नाही. हिरवं गोल टेबल, भोवती सहा खुर्च्या, एका खुर्चीखाली 'रुद्र' लिहिलेलं. खेळ मला तरी कुठं येत होता? मी वाचून शिकले आणि त्यांना शिकवला. पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा लांबचा चुलतभाऊ. दोन पत्ते आपल्याला झाकलेले, पाच मधे उघडे, ज्याची जुळणी भारी तो जिंकला. पण गोम अशी की हातात काही नसताना सुद्धा मोठ्ठा आकडा लावून समोरच्याला भिववता येतं. समोरचे भिऊन पत्ते टाकून देतात आणि रिकाम्या हाताचा माणूस सगळं घेऊन जातो.

"म्हणजे थापा मारायचा खेळ," काका म्हणाले. त्यांना तो कधीच आवडला नाही. आवडायला ते आलेच नव्हते.

त्यांनी तो पहारा धरला. रोज सव्वासहाला आंघोळ करून, टोपी घालून दुकानात यायचे. साडेसहाला खुर्चीत. साडेसातपर्यंत उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही. मंडळींपैकी मारिया नावाच्या बाईनं पहिल्याच दिवशी लिहून विचारलं, 'रुद्र, इतके दिवस कुठं होतास?' मी काकांना वाचून दाखवलं. मी म्हणलं, सांगून टाकू का त्यांना खरं काय ते? काका म्हणाले, "वीणेकरी बदलला म्हणून भजनात कुणी सांगत बसतं का? लिही, आलोय म्हणावं." मी लिहिलं. मारियानं फूल पाठवलं.

एकदा ऐन डावात लाइट गेली. माझ्याकडं बॅटरी होती, पण इंटरनेट बंद पडलं आणि पडद्यावर रुद्र हे नाव फिकट व्हायला लागलं. काका असे ओरडले की समोरच्या टपरीवरची माणसं धावत आली. "नाव पांढरं पडायलंय! उत्तरे, काय करायलीस तू? बघ की! पुसून जायलंय ते!" मीही ऐकून घेणारी नाही. मी म्हणलं, ओरडून काय तार जोडली जाते का? नाव दोन मिनिटांत परत आलं. काकांनी मात्र साडेसातपर्यंत उंदीर, म्हणजे माउस, हातातून सोडला नाही. मी दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचं सिम घालून ठेवलं, पुन्हा तसा प्रसंग नको म्हणून.

आणि चार-आठ दिवसांनी एकदा तरी, साडेसातला उठताना, ते एकच गोष्ट विचारायचे.

"उत्तरे, त्यानं ते खरं धरलं आसंल का गं?"

तोंड बघणार नाही म्हणाले होते ते. पोरगं ते मनावर घेऊन गेलं का, तसंच धरून मेलं का, एवढंच त्यांना पाहिजे होतं. बाकी कशाशी त्यांना देणंघेणं राहिलं नव्हतं. मी कधी म्हणायचे, छे, बापाचं बोलणं कोण मनावर घेतं. कधी म्हणायचे, तो काकूला भाकरी टाक म्हणून गेला होता, यायचंच होतं त्याला. ते मान हलवायचे, टोपी नीट करायचे आणि जायचे. मग पुन्हा आठवड्यानं तेच. खोटं कशाला बोलू, मला कधी कधी वीट यायचा. मला काय माहीत त्याच्या मनात काय होतं?

वर्ष फिरलं, सप्ता आला. देवळातल्या बैठकीत ठरलं, आप्पाच्या गळ्यात माळ नाही, रोज पत्ते खेळतो, वीणा कशी द्यायची? चार ते सहाचा पहारा सूर्यभानला दिला. सूर्यभानला! मी त्या बैठकीत जाऊन भांडले. पार पाठीमागून ओरडून सांगितलं की ह्या गावात खरा पहारा कुणी करत असेल तर तो माझ्या दुकानात. दोघं-तिघं हसले. काकांना कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "बराबर हाय त्यांचं. माळ न्हाई तर वीणा न्हाई."

सप्त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. देवळाच्या कर्ण्यातून भजन ऐकू येत होतं. काका पहाऱ्याला बसलेले. थंडी होती, त्यांची बोटं आखडली होती. त्या मंडळीत एकजण आहे, बुलडॉग नावाचा. कुत्र्याचं चित्र लावलेला. हा गडी एकदम सगळ्या चिपा पुढं ढकलतो आणि सगळे पत्ते टाकून देतात. काकाही नेहमी टाकायचे. त्या दिवशीही त्यानं सगळं पुढं लोटलं. काकांना बटण दाबता येईना म्हणून मी उंदीर हातात घेतला, आणि घाईत माझं चुकून उजवं बटण त्या कुत्र्याच्या चित्रावर दाबलं गेलं.

एक लहान पिवळी चौकट उघडली. आत काहीतरी लिहिलेलं, इंग्रजी अक्षरांत पण मराठी.

मला समजायला क्षणभर लागला. समोरच्या खेळाडूची टिपणं लिहून ठेवायची सोय असते ह्या सॉफ्टवेअरमध्ये. कोण कसा खेळतो, आपल्यालाच कळावं म्हणून. वर्षभर मी ते मशीन रोज उघडत होते आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी मारियावर दाबलं. 'आजी हाय. नातू उठला की घाई करते. तिला सांभाळून घ्यायचं.' महारुद्रचं लिहिणं.

"काका," मी म्हणलं, "त्यानं लिहून ठेवलंय."

"काय लिवलंय?"

मी परत बुलडॉगवर आले आणि मोठ्यानं वाचायला लागले. "'हा आप्पावानी हाय. आप्पा वरडतेत तसा लय मोठा आकडा लावतो. तवा समजायचं, हातात काय बी न्हाई. गडी भ्यालेला हाय.'"

काकांनी माझ्याकडं बघितलं नाही. पडद्याकडंच बघत राहिले. खाली तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची.

"म्हणजे त्याला ठावं होतं," ते म्हणाले.

"ठावं होतं, काका! सगळं ठावं होतं!" मला रडू यायला लागलं आणि आनंदही झाला, लाज कसली सांगायला. "तुमी ओरडता ते भिऊन ओरडता हे त्याला कळत होतं. मग त्या दिवशीचं तो खरं कशाला धरंल?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. त्यांनी पुसलं नाही. वर्षात पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आलेले मी बघितले. मीही तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण डोळा पुढच्या ओळीवर गेलाच.

"खाली आजून एक वळ हाय," काका म्हणाले. "ती वाच."

"ती काही न्हाई. एवढंच हाय."

"अक्षरं दिसायलीत की मला."

"एवढंच हाय म्हणलं ना! किती वेळा सांगायचं माणसाला!"

मी इतक्या जोरात ओरडले की झेरॉक्सला उभे असलेले दोघं मागं वळून बघायला लागले. काकांनी मान फिरवून माझ्याकडं बघितलं. रोज एक तास, वर्षभर त्या टेबलाला बसले होते ते.

"वरडू नको, उत्तरे," ते हळू म्हणाले. "वाच."

मी वाचलं. दुसरं काय करणार होते?

"'कळतं, तरी हर बारीला मीच पत्ते टाकून उठतो. आप्पापुढं तशी सवयच लागली. ते शांत होईस्तोर भायेर फिरून यावं. आपलं काय जातंय.'"

पडद्यावर रुद्रच्या नावाखाली वेळेची पट्टी कमी होत होती. आम्ही दोघांनी कशालाच हात लावला नाही. पट्टी संपली, मशीननं आपोआप त्याचे पत्ते टाकून दिले आणि बुलडॉग सगळ्या चिपा घेऊन गेला. देवळात आरतीची घंटा वाजली.

"त्या दिवशी मीच उठून भायेर जायाचं होतं गं," काका म्हणाले. "देवळात परत गेलो असतो. कुठं बी गेलो असतो."

साडेसातपर्यंत ते बसून राहिले. मग टोपी घातली आणि गेले. जाताना नेहमीचं ते विचारलं नाही, पुन्हा कधीच विचारलं नाही.

अजून रोज येतात. बुलडॉगनं कितीही मोठा आकडा लावला तरी आता पत्ते टाकत नाहीत, आपल्या हातात काही नसलं तरी शेवटपर्यंत बसतात. बहुतेक वेळा हरतात. दुसऱ्या दिवशी कंपनी पुन्हा चिपा देते. बोलतात इतकं हळू की दुकानात मला टेबलावरून वाकून ऐकावं लागतं. परवा कमलकाकू आली होती, आधारचा कागद काढायला. म्हणाली, "घरात तर त्यांचा आवाजच येत न्हाई बाई. मी म्हणलं, वरडा की जरा माझ्यावर. तर उठून भायेर जाऊन बसतेत."